भिंतीवरचे चार कागद

३ मार्च १९८८

प्रिय आर्डिसबाई,

तुमचं पत्र पोचलं. हेल्विग काउंटीचं शुश्रूषागृह तोट्यात आहे, ते चालवायचं की नाही हे नोव्हेंबरच्या मतदानात ठरणार आहे, आणि त्याआधी लोकांना विषय नीट समजावा म्हणून तुम्हाला सभा घ्यायच्या आहेत. विद्यापीठाच्या विस्तार विभागाकडे या कामाला पैसे आहेत का, हा तुमचा प्रश्न. अकरा वर्षं तुम्ही आमच्या काउंटी अधिकारी आहात आणि अजून असे प्रश्न विचारता, याचं मला कौतुक वाटतं. विभागाकडे पैसे नाहीत. माझ्या खोलीतला दिवा गेला तेव्हा तो मी घरून आणला.

मात्र एक प्रतिष्ठान आहे. ते 'लोकधोरण शिक्षण' या कामाला अनुदान देतं. हे नाव ज्यानं ठेवलं, त्याची सभेला कोणी येऊ नये अशी इच्छा असावी. अर्ज मी लिहीन. तुम्ही गावाकडची माहिती पाठवा : खाटा किती, तोटा किती, माणसं कुठून येतात. प्रतिष्ठानाला गरज दाखवावी लागते, रडगाणं चालत नाही. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठीच मला पगार मिळतो.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. आपण कुठलीही बाजू घेत नाही. पर्याय मांडायचे, प्रत्येकाचे परिणाम मांडायचे आणि गप्प बसायचं. ठरवायचं लोकांनी. माझ्या लहानपणीचे संस्कृतचे गुरुजी तटस्थ शब्दाची फोड करून सांगत : तटावर उभा असलेला. नदीत कोण बुडतंय ते त्याला उत्तम दिसतं.

आणखी एक विचारायलाच हवं, कारण परीक्षक पहिलं तेच बघतात. या प्रकरणात तुमचा स्वतःचा काही संबंध नाही ना?

ऑर्विलरावांना नमस्कार. बर्फातल्या मासेमारीच्या त्यांच्या खोपटात मी काढलेला दिवस अजून माझ्या गुडघ्यांत आहे.

तुमचा,
वामन अभ्यंकर

*

१४ मार्च

प्रिय वामन,

माहिती सोबत आहे. होममध्ये (इथे सगळे त्याला नुसतं होम म्हणतात) अठ्ठेचाळीस खाटा आहेत, एकही रिकामी नाही. दुसरं जवळचं ठिकाण नव्वद मैलांवर. पर्याय मला चार दिसतात. जमीनपट्टी वाढवून चालू ठेवायचं, एखाद्या कंपनीला विकायचं, अर्धं चालवायचं, किंवा बंद करायचं. कंपनीवाले येऊन बघून गेले, त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.

संबंधाचं विचारलंत. या गावात कोणाचा कशाशी संबंध नाही? काउंटीच्या मंडळातल्या तिघा कमिशनरांपैकी दोघे माझे चुलतभाऊ आहेत आणि तिसरा माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तोही नातेवाईकच. माझं मत कोणी विचारणार नाही आणि मी ते देणार नाही.

ऑर्विल आहे तसाच आहे.

आर्डिस टॉफ्टे

*

२० मार्च

प्रिय सॉल्वेग,

ओरेगॉनला वसंत आला असेल. इथे खिडकीच्या खालच्या अर्ध्यापर्यंत बर्फ आहे.

ताई, तुझं खरं आहे, वामनला सांगायला हवं होतं. त्यानं सरळ विचारलं आणि मी विनोद करून वेळ मारून नेली. पण सांगू कसं? नवऱ्याला झटका आला, तो बोलत नाही, आठ महिने घरी ठेवून पाहिलं आणि शेवटी होममध्ये नेऊन ठेवला, हे मी पत्रात लिहू? आपल्या घरात बाबांचा पाय कापला तेव्हासुद्धा आईनं मामांना 'पायाला जरा बरं नाही' असं कळवलं होतं.

आणि सांगितलं तर वामन सभ्य माणूस आहे, तो लगेच कॅम्पसवरून दुसऱ्या कोणाला तरी धाडील. शहरी बूट घालून एखादा पोरगा येईल. त्याच्या सभेला कोण जाणार?

मी दुपारी आणि संध्याकाळी जाते. ऑर्विल माझ्या हातून खातो. तिथल्या मदतनीस हुल्डानं भरवलं, मोठ्या नर्सनं भरवलं, तर तोंड मिटून घेतो. हट्ट नाही, त्याला समजतच नाही की हे खाणं आहे. मी चमचा धरला की समजतं. होम बंद झालं तर तो नव्वद मैलांवर जाईल, आणि मग मी रोज जाऊ शकणार नाही. एवढीच गोष्ट आहे सगळी.

पण मला काळजी वाटत नाही. माणसांपुढे सगळं नीट ठेवलं तर ती बरोबर तेच करतात, असं मी अकरा वर्षं सांगत आले आहे. त्यांचेही आईवडील तिथे आहेत. आणि ऑर्विल कुठे आहे ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणूनच मी बोलायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघून कोणी जमीनपट्टी भरायला तयार झालं, तर ते काही बरं नव्हे.

तुझी,
आर्डिस

*

२० मे

प्रिय आर्डिसबाई,

अर्जाचा मसुदा सोबत आहे. हे माझं लेखन वाचून तुम्हाला तुमचीच काउंटी ओळखू आली नाही, तर समजा मसुदा उत्तम झाला.

तुमचं एक वाक्य मी कापलं. तुम्ही लिहिलं होतं, 'होम बंद झालं तर माणसं मरतील.' हे वाक्य छोटं आहे, स्पष्ट आहे, आणि या दोन्ही कारणांनी अर्जात चालणार नाही. अशा ठिकाणी परीक्षक थांबतो, चष्मा पुसतो आणि समासात 'प्रचार' असं लिहितो. त्या जागी मी 'रहिवाशांच्या स्थलांतराचे संभाव्य आरोग्यविषयक परिणाम' असं घातलं आहे. यात कोणी मरत नाही. या शब्दांना मरायला वेळच होत नाही.

चारही पर्यायांना मी सारखी जागा दिली आहे. एकेक परिच्छेद, ओळींची संख्यासुद्धा जवळजवळ सारखी. प्रतिष्ठानाचे लोक हे मोजतात, अशी माझी दाट शंका आहे.

ऑर्विलराव आहेत तसेच आहेत हे वाचून बरं वाटलं. या विभागाचं नाव चार वर्षांत तीनदा बदललं, तेव्हा जगात काहीतरी स्थिर असलेलं बरं.

वामन

*

४ जून

प्रिय वामन,

मसुदा चांगला आहे. तुमचं वाक्य तिथे बसतं. माझं जास्त खरं होतं, पण ते असू दे.

अर्जाला जोडायची पत्रं मागितली होतीत ती पाठवते आहे. पास्टरांचं, शाळेच्या मुख्याध्यापिकेचं आणि गाव-सहकारी धान्यकोठाराच्या व्हर्नन क्विस्टचं. व्हर्ननला लिहायला सांगितलं तर म्हणाला, "काय लिहू? तू चांगली आहेस असं लिहू?" मी म्हटलं, "सभा व्हायला हव्यात असं लिही." तो म्हणाला, "तू घेणार असलीस तर व्हायला हव्यात." तेवढंच लिहिलंय त्यानं. नको असलं तर काढून टाका.

आर्डिस

*

१९ ऑगस्ट

प्रिय आर्डिसबाई,

अनुदान मिळालं. प्रतिष्ठानाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी विभागातल्या कॉफीच्या यंत्राला लाथ घालत होतो. आता नवीन यंत्र घेता येणार नाही, कारण पैसे फक्त सभांचे आहेत. पण तुमच्या जागेचा निम्मा पगारही त्यातूनच निघेल, म्हणजे जागा कापायला कॅम्पसवरची मंडळी वर्षभर तुमच्या काउंटीचं नाव काढणार नाहीत.

परीक्षकांना सगळ्यांत काय आवडलं सांगू? श्री. क्विस्ट यांचं एका ओळीचं पत्र. 'निवेदिकेवर स्थानिकांचा पूर्ण विश्वास' असा त्याचा अर्थ त्यांनी काढला आहे.

मीही आलो असतो, पण ऑक्टोबरात मला राजधानीत एका समितीपुढे विस्तार विभाग का असावा हे समजावायला जायचं आहे. चाळीस मिनिटं दिली आहेत. आपल्या प्रतिपक्षाला बहुधा पाच पुरतील.

वामन

*

९ ऑक्टोबर

प्रिय वामन,

शेवटची आणि मोठी सभा गुरुवारी झाली. लुथरन चर्चचं तळघर भरलं, मागे माणसं उभी होती. पिकाच्या दिवसांत एवढी येतील असं वाटलं नव्हतं. कॉफी दोनदा करावी लागली.

चार भिंतींवर चार कागद लावले. प्रत्येक भिंतीपाशी वीस मिनिटं, मग पुढची भिंत, अशी मंडळी फिरली. पट्टीवाढीच्या भिंतीपाशी एक जण म्हणाला, "माझ्या शेताला आधीच एवढी पट्टी आहे की शेतच त्यांना देऊन टाकावं." बंद करायच्या भिंतीपाशी कोणी जास्त बोललं नाही. वाचत उभे राहिले. कंपनीच्या भिंतीपाशी मी सांगितलं की कंपनीनं नाही म्हणून कळवलंय. तेव्हा तो कागद उतरवा असं कोणीतरी म्हटलं, पण पर्याय चार ठेवायचे असं ठरलं होतं म्हणून मी तो राहू दिला.

शेवटी सगळे बसल्यावर व्हर्नन उठला. तो कधी सभेत उठत नाही. टोपी हातात धरून म्हणाला, "आर्डिस, चार कागद वाचले. कळले. आता तू सांग. तू काय करशील?"

मी म्हटलं, "माझं मत इथे कामाचं नाही, व्हर्नन. आकडे सगळे भिंतीवर आहेत."

"आकडे बघितले मी. मी तुला विचारतोय."

"मी एकच सांगीन," मी म्हटलं, "चारही मार्गांचा विचार झाला पाहिजे. ठरवायचं तुम्ही."

त्यानं चारही कागदांकडे एकदा बघितलं. मग "बरं" म्हणाला आणि बसला. नंतर कोणी काही विचारलं नाही. खुर्च्या आवरून सगळे गेले. तुमच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत, वेगळ्या पाकिटातून पाठवते. 'निवेदिकेनं कुठली बाजू घेतली असं वाटलं का?' याला जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' लिहिलं आहे.

सभा चांगली झाली असं मला वाटतं.

आर्डिस

*

१७ ऑक्टोबर

प्रिय आर्डिसबाई,

तुमचं पत्र मी इथल्या तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एक तर या कामात नवीन आहे. त्याला म्हटलं, बाबा, हे ऐक आणि घरी जा, यापुढे तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. 'मी तुला विचारतोय' असं माणूस तोंडावर म्हणतो आणि तरी तुम्ही काठावरून पाय उचलत नाही! मी असतो तर घसरलो असतो. मला तर कोणी 'चहा कसा वाटला' असं विचारलं तरी मी चार वाक्यं बोलतो.

तो प्रसंग अहवालात जसाच्या तसा घालतो आहे. हरकत नसावी.

ऑर्विलरावांना सांगा, त्यांच्या पत्नीचा इथे जयजयकार चालू आहे.

वामन

*

११ नोव्हेंबर

प्रिय वामन,

पट्टीवाढ पडली. थोडक्या मतांनी नाही, चांगली पडली. होम जानेवारीअखेर बंद होईल. कमिशनरांनी काल ठराव केला.

मतदान भरपूर झालं. एवढं कधी होत नाही.

आर्डिस

*

१६ फेब्रुवारी १९८९

प्रिय आर्डिसबाई,

नाताळपासून तुमची ओळही नाही. दोन पत्रं लिहिली, फोन केला तर कचेरीतल्या बाई म्हणतात, "आर्डिस रस्त्यावर आहे." एवढ्या बर्फात तुम्ही रस्त्यावर काय करता? निकाल मनाला लावून घेतला असेल तर एक जुनीच गोष्ट सांगतो : आपलं काम लोकांनी समजून ठरवावं हे होतं, आणि त्यांनी समजून ठरवलं. निकाल आवडणं आपल्या कामात बसत नाही.

अहवाल गेला. प्रतिष्ठानाचे लोक फार खूश आहेत. दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करा असं त्यांनी स्वतःहून सुचवलं आहे, आणि सहा काउंट्यांतल्या अधिकाऱ्यांना तुम्ही ही पद्धत शिकवावी अशी त्यांची इच्छा आहे. ब्रॅमवेल काउंटीत शाळा बंद करायचा प्रश्न आला आहे, तिथूनच सुरुवात करता येईल. तुमचा होकार आला की लिहायला बसतो.

काळजीत,
वामन

*

२ एप्रिल

प्रिय वामन,

ऑर्विल चौदा मार्चला गेला.

तुम्हाला काही गोष्टी माहीत नाहीत, त्या सांगते. त्याला तीन वर्षांपूर्वी झटका आला होता. तो होममध्ये होता, बावीस नंबरच्या खोलीत. तुम्ही संबंध विचारलात तेव्हाही तिथेच होता, आणि सभेच्या दिवशी मी त्याला जेवण भरवूनच तळघरात आले. मी लपवलं, कारण तुम्ही मला बाजूला केलं असतं. ते बरोबरच झालं असतं.

जानेवारीत होममधल्या सगळ्यांना व्हॅननं हलवलं, एकेका व्हॅनमध्ये सहा जण. ऑर्विल नव्वद मैलांवर गेला. मी जमेल तेव्हा जात होते, पण वादळ आलं की रस्ता बंद, एकदा सलग आठवडाभर बंद होता. तिथल्या मुली चांगल्या होत्या. त्यांच्या हातून त्यानं खाल्लं नाही. मग नळी घातली, ती त्यानं उपटली. होममधल्या हुल्डाला, त्याच्या ओळखीच्या मदतनिसाला, त्यांनी कामावर घेतलं असतं, पण तिची पोरं इथल्या शाळेत आहेत.

त्याच्याबरोबर हलवलेल्यांपैकी मिसेस एगे आणि लार्स होव्लँडही या हिवाळ्यात गेले. ते कदाचित इथेही गेले असते. हे मी तुमच्यासाठी लिहिलं, चारही बाजू नीट याव्यात म्हणून.

अंत्यविधीनंतर सगळे त्याच तळघरात जेवायला बसले. हॅम, बटाटे, हिरवी जेली. व्हर्नन माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ जेवत होता. मग म्हणाला, "आम्ही तुझी वाट बघत होतो, आर्डिस."

"कसली वाट?"

"तू बोलशील याची. त्या सभेहून घरी जाताना गाडीत ग्लॅडिस मला म्हणाली, ऑर्विल तिथे पडलेला आहे आणि आर्डिस स्वतःसाठीसुद्धा मागत नाही. म्हणजे तिला आतलं माहीत आहे. होम कसंही वाचणार नाही, असं तिला दिसलंय, फक्त तोंडानं सांगता येत नाही. मग पट्टी वाढवून पैसे बुडवायचे कशाला?"

मी म्हटलं, "तुझ्या बायकोला तसं वाटलं?"

"ग्लॅडिसला काय, सगळ्यांना. कोठारातल्या लेरॉयचं म्हणणं होतं की तू त्याच्यासाठी दुसरीकडे खाटसुद्धा घेऊन ठेवली असशील. नाहीतर बाई एवढी गप्प बसेल का?"

"तुम्ही मला विचारायचं होतंत, व्हर्नन."

"विचारलं की," तो म्हणाला.

मी त्याला कॉफी ओतली. दुसरं काय करणार? तो रडायला लागला होता आणि आमच्याकडे रडणाऱ्या माणसाकडे बघत नाहीत.

मी बाजू घेतली नाही असं प्रश्नावलीत सगळ्यांनी लिहिलं. ते खोटं लिहीत नव्हते. पण घरी जाताना ते माझी बाजू मनात धरूनच गेले, आणि ती माझी नव्हती. मी काही बोलले असते तर निदान त्यांना माझ्याशी भांडता आलं असतं. पट्टी तरीही पडली असती की नाही, ते मला माहीत नाही. हे आता कधीच कळणार नाही, आणि रात्री तेच मला खातं.

दुसऱ्या वर्षाचं विचारलंत. करीन, पण असं : पहिल्यांदा मी उठून सांगणार की मी कोण, माझं या प्रश्नात काय अडकलंय आणि मला काय हवंय. मग चारही पर्याय मांडीन, पूर्वीसारखेच, प्रामाणिकपणे. माझं ऐकायचं नसेल तर नका ऐकू. माझं गप्प बसणं मात्र मी कोणाला ऐकू देणार नाही. अर्जात हे असंच लिहिणार असाल तर माझं नाव घाला.

आर्डिस

*

२२ मे

प्रिय आर्डिसबाई,

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला सात वेळा बसलो. ऑर्विलरावांबद्दल जे लिहावं ते मला लिहिता येत नाही. दर पत्रात मी त्यांना नमस्कार पाठवत होतो आणि तुम्ही ते घेऊन बावीस नंबरच्या खोलीत जात होतात, यापुढे माझी लेखणी सरकत नाही.

अर्जात तुमचा परिच्छेद शब्दशः घातला. काहीही कापलं नाही, बदललं नाही. विभागप्रमुख म्हणाले, "वामन, हे तू लिहिलंयस असं वाटत नाही." मी म्हटलं, "नाहीच लिहिलं."

काल उत्तर आलं. निवेदक स्वतःची बाजू सांगणार असेल तर तो प्रचार ठरतो, शिक्षण नव्हे, पहिल्या वर्षाची आदर्श पद्धत सोडण्याचं कारण त्यांना समजलं नाही, खेदपूर्वक नकार. त्या आदर्श पद्धतीचं वर्णन करताना त्यांनी माझ्याच अहवालातलं श्री. क्विस्ट यांच्याशी झालेलं तुमचं संभाषण उद्धृत केलं आहे.

म्हणजे तीस जूनला तुमची निम्मी जागा संपते. उरलेल्या निम्म्या जागेचा पगार काउंटी एकटी देणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी विभागप्रमुखांकडे दोनदा गेलो. तिसऱ्यांदा ते खोलीत नव्हते, पण त्यांची टोपी होती.

ब्रॅमवेलच्या शाळा मंडळाच्या बाईंचा आज फोन आला. सभा घ्यायला तुम्ही येणार का? मी म्हटलं, अनुदान नाही, मानधन नाही, आणि कदाचित तेव्हा त्या आमच्या कर्मचारीही नसतील. आणि त्या आधी स्वतःचं बोलतील, मग तुमचं. त्या म्हणाल्या, "आमची शाळा पुढच्या वर्षी बंद करायचं म्हणतायत. आम्हाला कोणीतरी बोलणारं हवंच आहे." तुम्हाला विचारतो असं सांगितलं आहे. नाही म्हणालात तर त्यात गैर काही नाही.

गाडी मी चालवीन. समिती वगैरे काही नाही यावेळी.

वामन

*

२७ मे

प्रिय वामन,

येते म्हणून सांगा. सभा सातला ठेवू नका, साडेसातला ठेवा, तिकडे सगळे दुभत्यावाले आहेत, धारा काढून येतात. आणि त्या बाईंची स्वतःची मुलं त्या शाळेत आहेत का ते विचारून घ्या. असतील तर माझ्याआधी त्यांनी उठायचं.

आर्डिस